बाप्यामाणसाचे बूट

बूट आमच्या ह्यांच्यासाठी आले, पण पोलादपूरहून ते वर आणले मी. पार्सलवाला आमच्या वाडीपर्यंत येत नाही. त्याच्या फोनमधला रस्ता जिथे संपतो तिथून आमची वाट सुरू होते. तो खोका नाक्यावरच्या दुकानात ठेवून गेला, दुकानदाराने फोन केला, ह्यांनी ओटीवर बसल्या बसल्या "हां हां, पाठवतो" म्हटलं आणि मला पाठवलं.

एसटी फाट्यावर सोडते. तिथून चढ पाऊण तासाचा. खोका डोक्यावर, त्याच्यावर कांद्याबटाट्याची पिशवी, हातात रॉकेलचा डबा होता तो आता डिझेलचा झाला, एवढाच काय तो आमचा विकास. अर्ध्या वाटेवर दगडावर टेकले आणि खोका मांडीवर घेऊन बघत बसले. मुलगा पहिलीत होता तेव्हा चुलीपाशी त्याच्याबरोबर मीही पहिली केली, तेव्हापासून कागद दिसला की वाचून काढायची मला खोड. पण खोक्यावर सगळं इंग्रजी. म्हणून चित्र वाचलं. एक दाढीवाला गडी डोंगराच्या टोकावर उभा. हात कमरेवर, नजर ढगात. डोक्यावर भारा नाही, हातात कोयती नाही, मागे गुरं नाहीत, पुढे घर नाही. मी म्हटलं, बाबा रे, तू वर गेलास कशाला?

खाली पायात हे बूट. मुलाने फोनवर सांगितलंच होतं, डोंगर चढायचे बूट आहेत, बाप्यांचे, पाण्याचा थेंब आत जात नाही.

हे बूट का आले ते सांगते. मागच्या पावसाळ्यात हे पडले. डोंगरावर नव्हे हो. आमच्याच ओटीच्या पायरीवर, चहा पातळ झाला हे मला मागीलदारी येऊन सांगावं म्हणून उठले आणि शेवाळावरून घसरले. मनगट मोडलं. महाडला नेऊन प्लास्टर घातलं, दीड महिना मी त्यांना भरवलं, आणि त्या दीड महिन्यात चहा एकदाही पातळ झाला नाही, हे विशेष.

मुलगा मुंबईहून धावत आला. तळीयेची दरड आली तेव्हापासून मुंबईतली आमची मुलं पाऊस वाढला की रात्रंदिवस फोन करतात. त्या भीतीला मी हसणार नाही. पण मुलगा शिकायला लहानपणीच मुंबईला गेला, म्हणून त्याची समजूत अशी की म्हैस सड्यावर, म्हणजे वरच्या कातळमाळावर, नेतात त्याचे बाबा. फोनवर आमच्या घरची सगळी कामं हेच करतात ना! "आज म्हस वर नेली, गवताचा भारा आनला, दमलो." ओटीवरून न हलता माणूस इतका दमतो हे मी याच घरात बघितलं.

तर मुलाने फैसला सांगितला. "पुढच्या पावसाळ्यात बाबा चांगले बूट घालून फिरणार असतील तर म्हस ऱ्हाईल. नाय तर गणपतीत येतो, म्हस विकू, आनि तुमी दोघं बिरवाडीला खोली घेऊन ऱ्हावा. तिथं नळ हाय, डॉक्टर हाय, सगळं सपाट हाय."

ही म्हैस माझ्या माहेरची. म्हणजे हिच्या आजीची आई माझ्या लग्नानंतर दुसऱ्या वर्षी माझ्या भावाने वरंधहून चालवत आणून दिली. तिचीच ही चौथी पिढी. या घरात माझं म्हणून जे काही आहे त्यात एक पितळी तपेली आणि ही म्हैस. बिरवाडी वाईट गाव नाही, माझी बहीण राहते तिथे. पण म्हैस नाही, सडा नाही, तर मी त्या सपाट खोलीत दिवसभर करायचं काय? यांच्याकडे बघत बसायचं?

आता तुम्ही म्हणाल, मग मुलाला खरं का नाही सांगितलं? अहो, सांगितलं असतं की वर मी जाते, तर म्हैस त्याच संध्याकाळी गेली असती. म्हातारा पडण्याच्या भीतीने बूट येतात, म्हातारी पडण्याच्या भीतीने दावं सुटतं. म्हणून मी गप्प बसले.

आणि खोका उघडला. बूट बघून हे हरखले. करडा रंग, लाल नाड्या, तळाला ट्रॅक्टरच्या चाकासारखे दात. नंबर आठ. हा नंबर मुलाने स्वतःच्या पायावरून धरला होता. त्याचा पाय बुटात वाढलेला, शाळेपासून. यांचा पाय पासष्ट वर्षं मोकळा वाढलेला. अंगठा एका गावाला आणि करंगळी दुसऱ्या गावाला. पुढून बघाल तर अळूचं पान.

पहिला बूट चढेना. पावडर घातली. मग खोबरेल लावलं. मग मी मागून ढकललं आणि त्यांनी दाराची चौकट धरली. पाय आत गेला तेव्हा यांच्या तोंडातून असा आवाज आला की म्हशीने गोठ्यातून ओ दिली. दोन्ही बूट घालून तीन पावलं टाकली, नवी पत्री मारलेल्या बैलासारखी, आणि खाली बसले.

"कसे हायत?" मी विचारलं.

"बरे हायत. काढ."

संध्याकाळी मुलाचा व्हिडिओ आला. यांनी बूट पुढे मांडले, पाय खाटेखाली घेतले आणि वर धोतराचा सोगा असा सोडला की बुटांत पायच आहेत असं वाटावं. 

"पानी आत जातंय का बाबा?"

"थेंब नाय," हे म्हणाले. 

खोटं नव्हतं. खाटेखाली पाणी येणार कुठून?

पंधरा दिवस बूट ओटीवर बसून होते, मालकासारखेच. मग आषाढात एक दिवस वरच्या कातळावर माझ्या चपलेचा अंगठा तुटला आणि मी भाऱ्यासकट बसले. तसं मी वर्षाला चार-पाचदा बसतेच, त्याची कुठे बातमी होत नाही. पण त्या दिवशी कोपर सोलून घरी आले, आणि समोर ते बूट. कोरडे. स्वच्छ. माझ्या आत काहीतरी तडकलं. मुलाचे शाळेतले जुने मोजे काढले, एकावर एक दोन घातले, पाय सारले. गेले! माझा पाय लांब, चांगला यांच्यापेक्षा बोटभर, पण चिंचोळा. हे बघत होते.

"अगो, ते बाप्यांचे हायत."

"मंग चला, बाप्ये. दावं सोडा, म्हस वर न्या."

यांनी पान लावायला घेतलं.

तर असे ते बूट मी घालायला लागले. घालायला म्हणजे काय, पहिला महिना डोक्यावर घेऊन फिरले. हसू नका. आमची वर जायची वाट भाताच्या खाचरांतून जाते, आणि शेतात कोणी वहाण घालत नाही. बांध अनवाणी तळव्याने टिकतो, बुटाच्या टाचेने ढासळतो. शिवाय ज्यातून खायचं त्यात वहाणेने कसं शिरायचं? म्हणून पहिल्या बांधाला बूट काढायचे. पलीकडे गेलं की घालायचे. तेवढ्यात व्हाळ येतो, म्हणजे आमचा ओढा. आता नवेकोरे बूट पाण्यात घालवतात का? पुन्हा काढायचे. आठ बांध, दोन व्हाळ, आणि दर वेळी त्या लाल नाड्यांच्या गाठी. म्हैस पुढे जाऊन माझी वाट बघत उभी राहायची. शेवटी मी दोन्ही बूट नाड्यांनी बांधून डोक्यावर घेतले आणि वरून प्लास्टिकची खोळ ओढली, भिजायला नकोत म्हणून.

एक दिवस धाकटी जाऊ खाचरात लावणी करत होती. कमरेत वाकलेली, तिने तशीच मान वर केली.

"बाय गो, डोक्यावं काय?"

"बूट."

"पायात काय?"

"चिखल."

"मंग ते बूट कशाचे हायत?"

"पान्यात घालायचे. थेंब आत जात नाय."

ती सरळ उभी राहिली. तिच्याबरोबर लावणीच्या सगळ्या बायका सरळ उभ्या राहिल्या. "मंग पान्यात घाल ना गो!"

"नि भिजले म्हंजे?"

त्या जे हसायला लागल्या ते वरच्या वाडीत ऐकू गेलं. एक तर रोपांच्या मुठीसकट चिखलात बसली. मलाही हसू आलं, पण खोटं कशाला सांगू, त्या क्षणापर्यंत माझ्या डोक्यात ते आलंच नव्हतं. चांगली वस्तू पाण्यापासून जपायची, एवढंच आम्हाला माहीत. पाण्यासाठी केलेली चांगली वस्तू आजवर आमच्या वाट्याला आली कुठे?

दुसऱ्या दिवशी व्हाळात घातले. घोट्याच्या वर बूट, आणि व्हाळ गुडघ्याला. पाणी वरून आत आलं, धबाधबा. खालून थेंब येत नाही हे अगदी खरं; पण वरून आलेलं खालून जातही नाही. बूट करणाऱ्याने पाणी अडवलं ते दोन्ही बाजूंनी. पलीकडे निघाले तर एकेक पाय हंड्याएवढा जड. दगडावर बसून बूट उपडे केले तेव्हा त्यातून पाण्याबरोबर एक खेकड्याचं पोर निघालं. दाढीवाल्याच्या डोंगरावर बहुतेक व्हाळ नसावेत. तेव्हापासून व्हाळात अनवाणी, बांधावर अनवाणी, आणि वरच्या कातळाला लागलं की बूट.

आणि कातळावर, बाई, मी टोमणा परत घेते. तिथे हे बूट म्हणजे घोरपड. हिरवागार बुळबुळीत कातळ, वरून पाणी वाहतंय, आणि पाय ठेवला की ठेवला. पहिल्या दिवशी विश्वास बसेना, एका हाताने कारवी धरूनच चढले. तिसऱ्या दिवशी कारवी सोडली. आणि मग एक गंमत झाली. मी मान वर केली. चाळीस-बेचाळीस वर्षं या वाटेने चढताना मी फक्त पायाखालचा दगड बघितलेला, पुढचा, मग त्याच्या पुढचा. दगड न् दगड तोंडपाठ. त्या दिवशी पहिल्यांदा चालता चालता समोर बघितलं. ढग खाली दरीत, वरंधच्या बाजूला पाण्याच्या पांढऱ्या रेघा, मोजवेनात इतक्या. माझं माहेर त्या रेघांच्या मागे. रोज एवढ्या जवळून जात होते आणि मला ते ठाऊक नव्हतं. खोक्यावरचा गडी हात कमरेवर ठेवून काय बघत होता ते मग कळलं. मी पण कमरेवर हात ठेवले. तेवढ्यात म्हैस दुसऱ्याच्या नाचणीत शिरली.

म्हशीला बूट आवडले नाहीत. तिला माझ्या पायांचा आवाज माहीत. हे धप्धप् कोण आलं म्हणून ती कान टवकारून फुरफुरली आणि दोन दिवस तिने दूध चोरलं. मग मी गोठ्याबाहेर बूट काढून तिच्यापाशी अनवाणी जायला लागले, तेव्हा पान्हा सोडला.

एकदा मात्र मी माती खाल्ली. भिजलेले बूट सुकायला चुलीवरच्या माचावर टाकले. पावसाळ्यात आमच्याकडे ओलं ते सगळं तिथेच जातं, सरपण, बियाणं, सुके बोंबील. बूट बोंबलांशेजारी ठेवले. सकाळी उतरवले तर उजव्या बुटाचा तळ पुढून सुटून जबडा वासलेला, आणि वास असा की मांजर दिवसभर त्याच्यापुढे बसून होतं. गणपतीला तीन आठवडे. मुलगा बूट बघणार, आणि म्हैस जाणार.

तेव्हा आमचे हे उठले. खरंच उठले. सायकलच्या ट्यूबला लावायचं सोल्युशन आणलं, तळाला लावलं, बूट जात्याखाली दाबून ठेवला आणि दोन दिवस जात्यावर राखण केली. मला म्हणाले, "चाल आता, सुटत नाय." त्यांना माझी कामं दिसत नव्हती असं नाही. दिसत होती, बसल्या जागेवरून.

गणपतीच्या आदल्या दिवशी मुलगा आला. पिशव्या ठेवल्या, पाणी प्यायला आणि आधी बूट हातात घेतले. तळ बघितला. दात झिजलेले, नाड्या मातीने काळ्या. त्याचा चेहरा उजळला.

"वा बाबा! मला वाटलं तुमी घालनारच नाय."

आता इथे माणसाने गप्प बसावं की नाही? पण शेजारची दोन-तीन माणसं ओटीवर आली होती. हे मांडी ठोकून सुरू झाले. कातळावर कसे धरतात, व्हाळात कसे भरतात, घोटा कसा सांभाळतात, म्हैस कशी बुजली. शब्द न् शब्द माझा. जेवताना मी बडबडते तेव्हा हे ऐकत नाहीत असं मी इतकी वर्षं समजत होते. मी आत नारळ खवत होते. खवणीवर हात आपटायला लागला.

"चला बाबा," मुलगा म्हणाला, "उजेड हाय तवर सड्यावं जाऊन म्हस बघून येऊ. घाला बूट."

यांनी बूट घेतला. अंगठा घातला. करंगळी बाहेर. करंगळी घातली, अंगठा बाहेर. मुलगा खाली बसला, धरून सारायला लागला. "बाबा, पाय सुजलेत का तुमचे?" यांच्या कपाळावर घाम. 

दारात जाऊ उभी होती. तिला ते सहन झालं नाही.

"अरे माझ्या राजा, ते आयशीचे हायत!"

मुलाने मान वळवली. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे. मला आठवत नाही त्याने त्याआधी कधी माझे पाय बघितले होते.

"आई, वर तू जातेस?"

"मंग कोन जातो? म्हस काय फोनवं चरते?"

"कधीपासून?"

"तू पाळन्यात होतास तवापासून. तुला पाठीला बांधून."

तो उभा राहिला. मला वाटलं होतं तेच बोलला. "मंग तर विकूयाच. तू पडलीस म्हंजे?"

"किती वेळा पडले ते विचार ना."

"किती?"

"मोजायला कोन होता?"

हे नाडीची गाठ सोडवत होते, नसलेली. मी हात पुसले. म्हटलं, "म्हस माझ्या भावानं दिलेली हाय. बापाचं मनगट मोडलं तं बापासाठी बूट आन, लाडू आन, काय पायजे ते आन. म्हशीचं माझ्याशी बोलायचं. आनि बोलायचं असंल तं वर चल."

बूट घेतले आणि निघाले. तो मागून आला, मुंबईचे पांढरे बूट घालून. पहिल्या बांधाला मी थांबले, तर तोही न सांगता वाकला आणि बूट काढले. एवढं तरी राहिलंय म्हटलं. कातळावर मी बूट चढवले, त्याने त्याचे. तो दोनदा घसरला. दुसऱ्यांदा मी त्याचा हात धरला तो सड्यापर्यंत सोडला नाही. म्हणजे त्यानेच सोडला नाही.

म्हैस चरत होती. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला, तिने कातडी थरथरवून झटकला. मग मी हाक मारली आणि ती माझ्याकडे आली, वास घेतला, उभी राहिली. ते त्याने बघितलं. म्हणाला, "ऱ्हाऊ दे. पन फोन घेऊन येत जा वर. आनि पाऊस लई असंल तवा नाय."

"डोंगर बोलंल, माती सुटंल, त्या दिवशी नाय येनार. ते मला कळतं."

उतरताना त्याने विचारलं, "खरं सांग, बूट कसे हायत? मागवले तिथं लिहायचं असतं. पाचातले किती तारे?"

"तीन," मी म्हटलं. "कातळाचे तीन. व्हाळाचा एक गेला. नि एक त्या खोक्यावरच्या दाढीवाल्याचा गेला. लिही, त्याच्या डोक्यावं गवताचा भारा द्या नि मंग फोटो काढा, म्हंजे आमाला कळंल बूट कसे हायत ते."

त्याने खरंच लिहिलं. कोणी वाचलं की नाही देव जाणे.

दिवाळीनंतर दुसरा खोका आला. नाक्यावरून मीच आणला. मुलाने या वेळी माझा नंबर विचारून घेतला होता. आत बायकांचे बूट. गुलाबी. जाळीचे. खोक्यावर एक बाई बागेतल्या फरशीवरून हसत चाललेली, हात मोकळे, केस मोकळे. मी बुटावर तांब्याभर पाणी ओतलं, तर तांब्याभर आत. पोराचं मन चांगलं आहे, पण बाईमाणूस चालतं ते हौसेने, हे त्याच्या डोक्यातून निघायला अजून एक-दोन खोके लागतील.

फुकट मात्र गेले नाहीत. जाळी ती, ताणते. एक दिवस वरून आले तर आमचे हे ओटीवर येरझाऱ्या घालत होते, गुलाबी बूट घालून. अंगठा, करंगळी, सगळं कुटुंब आत.

"मऊ हायत गो," म्हणाले.

"बायकांचे हायत."

"पायाला काय कळतं?"

काल मुलाचा व्हिडिओ आला. यांनी या वेळी पाय लपवले नाहीत, चांगले पुढे करून दाखवले. मुलगा हसला म्हणे पोटभर. मग त्याने विचारलं, आई कुठं हाय? आणि यांनी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, खरं ते सांगितलं.

"वर गेलीय. म्हस घेऊन."